गुळानं तोललेलं पोर

सुरुवातीलाच स्वतःची एक फजिती सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोललो तर तुम्ही ते बेतानंच घ्याल.

पिंपरी पेंढारच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत आम्ही मुलांच्या तपासणीला गेलो होतो. पोहोचायला उशीर झालेला. मैदानात पोरांचा गलका, शिक्षक कुठे दिसेनात. नळाजवळ पांढऱ्या शर्टातली एक भरदार पाठ वाकून पाणी पीत होती. मी मागूनच म्हणालो, "सर, जरा पोरांना ओळीत बसवता का? आम्हाला पुढे अजून एक शाळा उरकायची आहे."

पाठ वळली. वर चेहरा होता सहावीतल्या मुलाचा. गोबरे गाल, मिशीचा पत्ता नाही, हनुवटीवरून पाणी ठिबकतंय. मी गारठलो. पण त्या पोराचा मोठेपणा बघा. त्यानं मला खोटं पाडलं नाही. तोंड पुसलं आणि खणखणीत आवाजात ओरडला, "ए, लायनीत बसा रे! डॉक्टर आलेत!" पोरं पटापट बसली. मग तो स्वतः रांगेच्या अगदी शेवटी जाऊन बसला. आमच्या मंगल सिस्टर तोंडाला रुमाल लावून जीपच्या मागे गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

त्याचं नाव सार्थक. पण त्याच्याकडे येण्याआधी आमचं काम काय असतं ते सांगायला हवं, कारण आमच्या नात्यातले बरेचजण अजूनही समजतात की मी जीपमधून गावोगाव हुरडा खात हिंडतो. (हुरडा खातो, पण तो हंगामातच.) मी शाळा-अंगणवाडी तपासणारा डॉक्टर. आधी आंबेगावात, मग जुन्नरात. सकाळी जीपमध्ये वजनकाटा, उंचीची पट्टी, डोळ्यांचा तक्ता आणि बीपीचं मशीन टाकायचं आणि निघायचं. मुलांचे दात, डोळे, कान, कातडी बघायची, छातीला नळी लावून हृदय ऐकायचं. कुणाच्या हृदयाला जन्मतः भोक असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. कुणी फळ्यावरचं दिसत नाही म्हणून 'ढ' ठरलेला असतो. चष्मा मिळाला की तोच पुढच्या वर्षी पहिल्या बाकावर. असं एखादं पोर सापडलं की महिनाभराचे धक्के वसूल होतात.

पण या कामानं डोळ्यांना एक सवय लागते. घाटाकडच्या वाड्यांमध्ये आम्ही वर्षानुवर्षं बारीक पोरं शोधत आलो. दंड बोटांच्या चिमटीत मावतो का, बरगड्या दिसतात का, हेच बघायचं. त्यामुळे काट्यावर कुणी दणदणीत पोर चढलं की आम्हाला बरंच वाटायचं. "छान हो, खातंपितं घर दिसतंय," असं मी स्वतः कितीदा म्हणालो असेन. त्या दिवशी सार्थक काट्यावर चढला आणि काट्यानं माझ्या बायकोपेक्षा जास्त वजन दाखवलं. ही तुलना मी घरी कधी बोललो नाही. आता छापूनच येतेय, तर येऊ दे.

मग बीपी. बीपीचा पट्टा दंडाच्या मापाचा लागतो. जाड दंडाला लहान पट्टा आवळला तर आकडा खोटाच चढा येतो, बारीक दंडाला मोठा गुंडाळला तर खोटाच उतरलेला. मी सवयीनं मुलांचा पट्टा लावला, फुगवायला सुरुवात केली, आणि तो चर्रकन उघडून पडला. वर्ग खदखदून हसला. सार्थकही हसला, पण खाली बघत. सिस्टरांनी मोठा पट्टा आणला, त्याला पाच मिनिटं शांत बसवलं, आणि मग मोजलं. वरचा आकडा दीडशेच्या घरात. पुन्हा मोजलं. तेवढाच.

"अहो, आत्ता पळून आला असेल," गुरुजी म्हणाले.

"हा पळतो?" सिस्टरांनी विचारलं.

गुरुजी हजेरीपट उघडून बसले.

एका दिवसाच्या मोजणीवर मुलाला बीपीचा शिक्का मारत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी मोजावं लागतं. शिवाय मोठ्या माणसाचा नेहमीचा आकडा मुलाला लागू नाही, त्याचं वय आणि उंची बघून ठरतं. आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून आणखी दोनदा त्या शाळेत गेलो. दोन्ही वेळा तेच. बाराव्या वर्षातल्या पोराला साठीतल्या माणसाचं बीपी. तिसऱ्या वेळी मी त्याला विचारलं, "डोकं दुखतं का रे?" तो म्हणाला, "रोज." जणू काही सगळ्यांचंच रोज दुखतं.

म्हणून त्याच्या घरी गेलो. घर उसाच्या कडेला. वडील भाजीपाल्याची पिकअप चालवायचे, ते बहुतेक रस्त्यावरच. घरात आई आणि आजोबा. आजोबांना सगळी वस्ती 'आबा' म्हणायची. सत्तरीचा काटक म्हातारा, पायात जाड वहाणा. त्यांनी माझं काही ऐकायच्या आत समोर बुंदीचे लाडू आणि शेव आली. मी नको म्हणालो, आबांनी ऐकलं नाही, आणि मीही दुसऱ्यांदा नको म्हणालो नाही. परिणामी, 'गोड आणि फरसाण बंद करा' हे वाक्य मी तोंडात लाडू असताना उच्चारलं.

आबांनी माझ्या पोटाकडे बघितलं. शर्टाचं एक बटण तिथे जरा ताणात असतं. "डॉक्टर, आमचं पोर जाड म्हंता. मंग तुमचं काय चाललंय?"

"माझंही चुकतंच आहे, आबा."

"चुकतंय, पर जगताय की!"

मी म्हणालो, "त्याला रोज तासभर चालवा, खेळू द्या."

यावर आबांचा चेहरा बदलला. "कुटं चालवू? या उसातनं? मागल्या साली बिबट्यानं पलीकडच्या वस्तीवरचं वासरू दारातनं नेलं. अंधार पडला की आमी मोठी माणसं बाहेर पडत न्हाई, आन् पोराला सोडू? शाळंतबी शेजाऱ्याच्या गाडीवर जातंय आन् गाडीवर येतंय."

बिबट्याची चेष्टा मी करणार नाही. आमच्या भागात त्यानं माणसंसुद्धा नेली आहेत. त्यामुळे एक पिढीच्या पिढी दाराच्या आत वाढतेय. आत टीव्ही, मोबाईल, फ्रीज, आणि पोर आपल्या डोळ्यांपुढे आहे या आनंदात त्याच्या हातात काहीतरी खायला देणारी माणसं. पुस्तकात 'मुलांना मोकळ्यावर खेळू द्यावे' असं छापलेलं असतं. ते लिहिणाऱ्याच्या घरामागे ऊस नसावा.

सार्थकच्या आईनं मला जरा बाजूला बोलावलं. "डॉक्टर, याच्या मानंचा मळ जात न्हाई. कायतरी मलम द्या." मान बघितली. मागच्या बाजूला काळा, मखमलीसारखा पट्टा, आणि त्यावर घासल्याचे ओरखडे. ती रोज दगडानं घासत होती.

"ताई, हा मळ नाही. वजन फार वाढलं की अंगातली साखर सांभाळणारी यंत्रणा दमते, तिची ही खूण. वजन उतरलं की हीसुद्धा फिकी होईल. घासू नका."

तिनं पोराची कॉलर नीट केली. मग म्हणाली, "मी रोज रडवलंय त्याला यापायी."

आबांना मात्र काही पटत नव्हतं. बीपी म्हणजे म्हाताऱ्यांचा रोग, पोराला कसा होईल? शेवटी म्हणाले, "माजं बगा आधी. माजं किती भरतंय ते दाखवा, मंग त्याचं बोला." मी त्यांचं मोजलं. अगदी लख्ख. तालुक्यातल्या कुठल्याही तरुणानं हेवा करावा असं. मग मोठा पट्टा काढून सार्थकचं मोजलं. दीडशेच्या वर.

आबा मशीनकडे बघत राहिले. "अदलाबदल झाली. माजं त्याला दाखवतंय आन् त्याचं मला."

"तसं होत नाही, आबा."

"मंग त्याला येगळा पट्टा का?"

"त्याचा सदरा तुम्हाला बसेल का?"

हे त्यांना पटलं. तरी त्यांनी जागा बदलायला लावल्या. नातू त्यांच्या खाटेवर, ते खुर्चीत. पुन्हा दोघांचं मोजलं. मशीन बधलं नाही. आबांनी स्वतःच्या वाळक्या दंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कवा जायचं पुण्याला?"

मीही त्यांच्याबरोबर गेलो. पुण्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी सगळं बघितलं. मूत्रपिंडं ठीक होती. हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा त्याची भिंत किंचित जाड झालेली दिसली. त्यांनी आबांना सोपं करून सांगितलं. "चढावर ओझं ओढणाऱ्या बैलाचे खांदे भरतात ना? याच्या हृदयाचं तसं झालंय. आत्ता ओझं कमी केलं तर ते पूर्ववत होऊ शकतं. नाही केलं तर हा पोरगा तिशीत म्हातारा होईल." त्यांनी जन्माचंही विचारलं. सार्थक सातव्या महिन्यात जन्मलेला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना पुढे बीपी व्हायची शक्यता जरा जास्त असते, त्यात असं वजन पडलं म्हणजे झालंच. रोज एक गोळी, मीठ कमी, खाणं बेताचं, हालचाल, आणि उन्हाळ्यात पुन्हा हृदय तपासायचं, असं ठरलं.

परत येताना आळेफाट्यावर चहाला थांबलो. सार्थक आणि त्याची आई गाडीतच होते. आबा बशीत चहा ओतून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "गोळी देतो. मीठ तोडतो. पर वजन यात्रंपातुर उतरू देऊ नगा."

मला काही कळेना. तेव्हा नवसाचं कळलं. सार्थक जन्मला तेव्हा कित्येक आठवडे काचेच्या पेटीत होता. आबा भैरोबाला बोलले होते, पोर जगलं तर बारा वर्षांचं होईपर्यंत दर यात्रेला तुझ्या दारात गुळानं तोलीन. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गुळाच्या किलो-किलोच्या ढेपा, आणि तो गूळ सगळ्या गावाला वाटायचा. पहिल्या वर्षी चार-पाच ढेपांतच काम भागलं होतं. मग पारडं दरसाल भरत गेलं. यात्रेत लोक आता कुस्त्यांइतकेच हे बघायला गर्दी करायचे. येत्या चैत्रात शेवटचं तोलणं.

मी जरा शहाणपणा केला. "आबा, देव काय किलोवर बघतो?"

"देव न्हाई बगत. गाव बगतं. आन् मी बगतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "पेटीत व्हतं तवा माज्या पंज्यात मावत व्हतं, डॉक्टर. अंगाला मांस न्हाई, नुसती कातडी. मी देवाकडं दुसरं काय मागणार? वजनच मागितलं. त्यानं दिलं. आता दिल्यालं म्हागारी कसं करू?"

इतकी वर्षं मी लोकांना तेल कमी करा, साखर कमी करा असं सांगत आलो. यावर काय सांगायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चहाचे पैसे दिले. घरी आल्यावर मात्र बायकोसमोर तासभर चिडचिड केली. देवाच्या नावानं पोराच्या हृदयाशी खेळ चाललाय म्हणालो. ती मटार सोलत होती. "म्हातारा खेळत नाहीये," एवढंच म्हणाली.

पुढचे काही आठवडे सार्थक गोळी घेत होता, पण काटा तसूभर हलला नाही. उलट थोडा वरच गेला. मी मनातून हात टेकले होते.

मग एका सकाळी आम्ही ओतूरकडे निघालो असताना, चांगलं ऊन आलं होतं, तेव्हा रस्त्यावर लांबून गाण्यांचा आवाज ऐकू आला. बघतो तर पुढे आबा, हातात काठी, खिशात मोठ्यानं वाजणारा मोबाईल. मागे सार्थक, पाठीवर दप्तर, आणि त्याच्या मागे वस्तीवरची आणखी चारसहा पोरं, ताटल्या वाजवत. जीप थांबवली.

"आबा, हे काय?"

"शाळंत चाललोय. गोंगाट आसला की ते जनावर जवळ येत न्हाई. आन् आमी काय गप बसणारी माणसं हाय व्हय?"

"पण यात्रेचं वजन?"

आबांनी पोरांना पुढे जायला सांगितलं. सार्थक लांब गेल्यावर म्हणाले, "सूनबाई म्हणाली, आबा, एक रात जरा त्याच्यापाशी झोपा. झोपलो. पोर घोरतंय घोरतंय आन् मधीच थांबतंय. श्वासच न्हाई. मंग धक्का बसल्यावानी परत सुरू. डॉक्टर, पेटीत व्हतं तवाबी आसंच थांबायचं. नर्स तळपायाला टिचकी मारायची, मंग घ्यायचं श्वास." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तवा मांस न्हाई म्हणून थांबत व्हतं. आता मांस लई म्हणून थांबतंय. मी रातभर त्याच्या पायाशी बसलो."

घशात आणि मानेवर चरबी साठली की झोपेत श्वास अडतो, आणि त्यानंही बीपी चढतं. हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. मी डोकेदुखी विचारली, झोप विचारली नाही. त्याच आठवड्यात मी पुण्याला फोन करून ते कळवलं.

त्यानंतरचं सगळं हळूहळू झालं. आबांनी आठवडी बाजारातून भत्ता आणि शेव आणणं बंद केलं. लोणचं-पापड वरच्या फळीवर गेले. आईनं वाटीनं भात वाढायला सुरुवात केली. सार्थक आधी चिडला, मग रुसला, एकदा मित्राच्या घरून चोरून क्रीमरोल खाऊन आला आणि स्वतःच आईला सांगून टाकलं. यात्रेपर्यंत त्याच्या शर्टाचा गळा सैल झाला होता. बीपी पूर्ण जागेवर आलं नव्हतं, पण उतरत होतं.

यात्रेला आबांचं आग्रहाचं बोलावणं होतं. देवळापुढच्या मंडपात मोठा तराजू टांगलेला. सार्थक नव्या कपड्यांत पारड्यात बसला. आबांनी गेल्या वर्षी जेवढ्या ढेपा लागल्या होत्या तेवढ्या मोजून आणल्या होत्या. माणसं एकेक ढेप दुसऱ्या पारड्यात ठेवू लागली. काही ढेपा खाली राहिलेल्या असतानाच तराजूचा काटा मधोमध आला. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"औंदा पोरगं उतरलंय राव."

"आजारी-बिजारी हाय का काय?"

पुजारी म्हणाला, "आबा, झालं. बरोबर झालं."

आबा म्हणाले, "उरलेल्या टाका."

"आबा, पोर वर जाईल."

"जाऊ द्या की."

उरलेल्या ढेपा पारड्यात पडल्या. गुळाचं पारडं खाली जाऊन जमिनीला टेकलं आणि सार्थक साखळ्या धरून वर, सगळ्यांच्या डोक्यांच्या बरोबरीला आला. पाय लटकलेले. कुणीतरी ओरडलं, "आबा, दोन ढेपा काढा, तोल बिघडलाय!"

"काढू नगा," आबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "देवाचं हाय ते देवाला म्हागारी दिलं. माजं मला ऱ्हाऊ द्या." आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. सार्थकची आई रडत होती. मीही चष्मा पुसला. धूळ फार होती.

सार्थकला खाली उतरवलं तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, आता मला परत तोलणार न्हाई ना?"

मी मोठ्यानं म्हणालो, "गुळानं नाही! पण मी आहे की, दर महिन्याला काटा घेऊन येणार!" आजूबाजूची माणसं हसली. आबाही हसले.

घरी येऊन मी बायकोला हे सगळं सांगितलं. आबांचा आवाज काढून सांगितला, ढेपा सांगितल्या, शेवटी माझा विनोदही सांगितला. तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि विचारलं, "आणि सार्थक? तो हसला?"

मी आठवू लागलो. काही आठवेना.

"पुढच्या महिन्यात काटा जीपमध्येच राहू द्या," ती म्हणाली. "बीपी बघा, आणि थोडा वेळ त्याच्याशी नुसतं बोलून या."